एकही ओळ न हलता

‘फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.’ कॉम्प्युटर रेंगाळायला लागला, अडला किंवा त्यावर नवं विंडोज टाकायचं म्हटलं की आपल्याकडे हे वाक्य हमखास कानावर पडतं. बोलणारा वाईट नसतो. त्याच्या टेबलावर चार-सहा मशिनं उघडी पडलेली असतात आणि डिस्क पुसून कोरं विंडोज टाकणं हा त्याच्यासाठी सगळ्यात बिनघोर रस्ता असतो. पण त्या डिस्कवर काय आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि बहुतेक वेळा मालकालाही ते धड सांगता येत नाही. ‘विशेष काही नाही, फोटो तेवढे ठेवा’ म्हणून माणूस निघून येतो. विशेष काय होतं ते चार महिन्यांनी कळतं, जेव्हा ते लागतं तेव्हा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २९ जुलै २०१५ ला आलेलं हे विंडोज, म्हणजे दहा वर्षांहून थोडं जास्तच चाललं. या दहा वर्षांत घरोघरी आणि दुकानोदुकानी जी मशिनं बसली, त्यांच्यावर लोकांनी कामं केली, हिशेब ठेवले, पत्रिका जुळवल्या, पुस्तकं लावली. ती तारीख जवळ आली तशी सगळ्यांनाच विंडोज ११ ची घाई झाली. मला त्या घाईत काळजी वाटत होती ती माझ्या आत्याच्या मशिनची.

आत्या कराडला घरच्या घरी डीटीपी करते. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर, शेजारी लेझर प्रिंटर, खाली यूपीएस, आणि कपाटात ट्रेसिंग पेपरचे गठ्ठे. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, सप्ताहाची कार्यक्रमपत्रिका, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, कुणाच्या वडिलांच्या अमृतमहोत्सवाचा गौरवग्रंथ. या पट्ट्यातल्या माणसांच्या आयुष्यात जे जे छापावंसं वाटलं, त्यातलं कितीतरी तिच्या बोटांखालून गेलंय. पानं अजून पेजमेकरमध्ये लावते. पेजमेकर ७.० ही त्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ साली आली आणि त्यानंतर ॲडोबीने सगळं लक्ष इनडिझाइनकडे वळवलं, हे तिला माहीत आहे. पण तिचा हात पेजमेकरवर बसलाय आणि प्रेसवालेही तिच्याकडून तसंच काम घेतात.

‘चालतंय की. कशाला हात लावायचा?’ हा तिचा पहिला प्रश्न होता, आणि तो रास्त होता. मी तिला मे २०१७ मधली गोष्ट सांगितली. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरातल्या कॉम्प्युटरमधल्या फाइल्स कुलूपबंद केल्या, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं ठप्प झाली. विंडोजमधल्या ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं ते त्या फटीपुरते वाचले. सपोर्ट संपणं याचा अर्थ एवढाच की यापुढे सापडणारी फट बुजवायला कुणी येणार नाही. आणि डीटीपीवाल्याच्या मशिनला तर दिवसाकाठी कितीतरी लोकांचे पेनड्राइव्ह लागतात. मॅटर घेऊन येणारा कुठल्या सायबरकॅफेतून काय घेऊन आलाय, कुणास ठाऊक. हे तिला लगेच पटलं. पेनड्राइव्हमधल्या फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणाऱ्या व्हायरसने तिला पूर्वी पुष्कळ पिडलंय.

मग वेळ कोणती, हा प्रश्न. गणपतीआधी मंडळांच्या अहवालांची गर्दी, दिवाळीआधी जाहिरातींची, तुळशीचं लग्न लागलं की लग्नपत्रिकांची. ‘पितृपक्षात करू,’ ती म्हणाली. ‘पत्रिका छापायला कुणी येत नाही तेव्हा.’ नवीन काही त्या पंधरवड्यात सुरू करू नये असं एरवी मानणारी माझी आत्या या बाबतीत मात्र ठाम होती. मला तिचं फार बरोबर वाटलं. अपग्रेडला सगळ्यात आधी हवा असतो तो रिकामा वेळ, ज्यात मशिन दोन-तीन दिवस बंद राहिलं तरी कुणाचं लग्न अडणार नाही. उद्या सकाळी प्रेसला पान द्यायचंय आणि आज रात्री विंडोज बदलतोय, असं कधीही करू नये.

पहिला दिवस आम्ही मशिनला हात न लावता वहीवर घालवला. या डिस्कवर काय काय आहे आणि त्यातलं काय गेलं तर परत मिळणार नाही? आत्याच्या डोक्यात फाइलींची नावं नव्हती, माणसं होती. ‘ते वाठारच्या शाळेचं पन्नास वर्षांचं’, ‘त्या डॉक्टरांच्या आईच्या कविता’. ती सांगत गेली, मी शोधून लिहीत गेलो. विंडोज परत मिळतं, पेजमेकर परत बसवता येतं, प्रिंटरचा ड्रायव्हर उतरवून घेता येतो. लग्नपत्रिका छापून झाली की तिचं काम संपलं. असं एकेक खोडत गेल्यावर वहीत जे उरलं, त्यात वरच्या ओळीवर होत्या ओव्या.

एका निवृत्त गुरुजींनी आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून दळणाच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या. पुस्तक काढायचं म्हणून त्यांनी आत्याकडून सगळं टाइप करून घेतलं, दोन प्रुफं तपासली आणि मग ते गेले. पुस्तक राहिलं. त्यांच्या मूळ वह्या २०१९ च्या महापुरात भिजून लगदा झाल्या. ज्यांनी त्या ओव्या म्हटल्या त्या बायकाही आता बहुतेक नाहीत. म्हणजे त्या ओव्या आता जगात एकाच ठिकाणी होत्या: आत्याच्या ई ड्राइव्हमध्ये, पेजमेकरच्या एका फाइलीत. कुणी ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणालं असतं आणि ई ड्राइव्ह त्यात गेला असता, तर ओव्या गेल्या असत्या. हे वहीत लिहिताना माझे हात थंड पडले होते.

बाहेरची हार्डडिस्क आणून तिच्यावर सगळ्याची प्रत काढली. ही पायरी सगळे सांगतात. पण प्रत काढली म्हणजे झालं, असं मला वाटत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती उघडून, त्यातला मजकूर डोळ्यांनी वाचून झाल्याशिवाय तिला बॅकअप म्हणू नये. म्हणून ती डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली. गुरुजींनी मजकूर आधी वर्डमध्ये मागितला होता, त्यामुळे ओव्यांची एक वर्ड फाइलही होती. ती उघडली. पडद्यावर मराठी नव्हतंच. रोमन अक्षरं, त्यांच्यावर युरोपी भाषांतले टिंबं नि टोप्या, मधूनच पौंडाचं चिन्ह, कंस, स्वल्पविराम. पानामागून पान असंच. फाइल पूर्ण होती, एक अक्षर हरवलं नव्हतं, आणि तरी एकही ओवी वाचता येत नव्हती.

ज्यांनी नव्वदीत किंवा दोन हजारच्या दशकात मराठीत टाइप केलंय त्यांना याचं कारण माहीत आहे. श्री-लिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी: त्या काळातल्या या बहुतेक फाँटांत कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसायचंच. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. कॉम्प्युटर साठवायचा रोमन अक्षर, फाँट दाखवायचा ‘क’ किंवा अर्धा ‘त’ किंवा नुसता काना. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. त्यामुळे एका फाँटात लिहिलेलं दुसऱ्या फाँटात घातलं की कचरा, आणि फाँटच नसला तरी कचरा. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःची ठरलेली जागा देणाऱ्या प्रमाणात, देवनागरीला १९९१ पासून स्वतःच्या जागा आहेत आणि विंडोज २००० मध्ये त्या वापरण्याची सोयही आली. पण एक्सपीवर ती सोय चालू करायची तर कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि विंडोजची सीडी घालावी लागे. ती सीडी कुणाकडे असायची? आणि पेजमेकरला तर युनिकोडची देवनागरी कधीच जमली नाही. म्हणून छपाईचं जग त्या जुन्या फाँटांवरच राहिलं, आणि आपल्या भाषेतला कितीतरी मजकूर आजही तसाच पडून आहे. घराघरांत, संस्थांच्या कपाटांत, मालक गेल्यावर भंगारात निघालेल्या मशिनांत.

म्हणून माझं म्हणणं आहे की मराठी माणसाचं ऑपरेटिंग सिस्टिम बदलणं हे इतरांहून जरा जास्त जोखमीचं असतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याची पंचवीस वर्षांपूर्वीची साधी फाइल आजच्या कुठल्याही मशिनवर उघडते. आपली फाइल मात्र एका फाँटला बांधलेली, तो फाँट एका सॉफ्टवेअरला, ते सॉफ्टवेअर एका डाँगलला (मशिनला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी छोटी किल्ली) आणि तो डाँगल त्याच्या ड्रायव्हरला. ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की या साखळीतली कुठलीही कडी सुटू शकते. फाइल तशीच राहते आणि तिच्यातली भाषा निघून जाते.

फाँटांचं फोल्डर, सॉफ्टवेअरची मूळ सीडी, तिच्यावरचा नंबर, डाँगलचा ड्रायव्हर असं सगळं मग बॅकअपमध्ये घेतलं. डाँगलचा विंडोज ११ वर चालणारा ड्रायव्हर मिळतो का, ते आधी पाहिलं; मिळाला, तो उतरवून ठेवला. कळीच्या प्रत्येक पुस्तकाची पीडीएफ काढली. पीडीएफमध्ये फाँट आत बांधला जातो, त्यामुळे पान कुठेही जसंच्या तसं दिसतं. पण त्यातलं अक्षर उचलून दुसरीकडे चिकटवलं तर पुन्हा तोच कचरा निघतो, म्हणजे पीडीएफ हे पानाचं छायाचित्र झालं, मजकूर नव्हे. मजकूर वाचवायचा तर तो युनिकोडमध्ये आणायलाच हवा होता.

फाँट बदलून देणारी साधनं मिळतात, आणि ती बरंच काम करतात. पण जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी आधी टाइप केलेली असते, मग अक्षर. युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. रफाराचंही तसंच, फक्त उलट्या दिशेने. साधनाला हे सगळं जागच्या जागी फिरवावं लागतं आणि जोडाक्षर आलं की ते अडखळतं. ओव्यांमध्ये तर ‘सासऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘दुसऱ्या’ जागोजागी. त्याचं ‘सासर्या’, ‘वार्या’ होऊन येत होतं. आत्याला ते पडद्यावर लांबूनही खुपायचं. बरं, हा ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, दिसायला दोन्ही सारखे, पण शोधायला गेलं तर एक सापडतो नि दुसरा सापडत नाही. ‘ॲ’चंही तेच: युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्याआधीचे लोक ‘अ’वर चंद्र ठेवून भागवत. ओव्यांत ‘ॲ’ कशाला येतोय, पण पतसंस्थेच्या अहवालांत तो पुष्कळ होता. कुठली तरी एकच तऱ्हा ठरवायची आणि सगळीकडे तीच ठेवायची, हे आम्ही आधी ठरवून घेतलं.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवसांत सारखी आठवत होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं मोठं अपडेट आणलं आणि चार दिवसांत थांबवलं, कारण काही लोकांच्या फाइल्स त्यात पुसल्या गेल्या. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखं फोल्डर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर वळवलं होतं पण जुन्या जागेतल्या फाइल्स तिथेच राहू दिल्या होत्या, त्यांच्या त्या जुन्या जागेतल्या फाइल्स अपडेटने फालतू समजून उडवल्या. आपल्याकडे ही सवय किती आहे पाहा. ‘सी ड्राइव्हला काही ठेवू नका, फॉरमॅट केला की जातं’ असं दुकानातून पढवून पाठवतात आणि लोक डॉक्युमेंट्स डी ड्राइव्हवर वळवतात. ज्या शहाणपणाने आपण स्वतःला सुरक्षित समजतो, त्याच मांडणीवर ते अपडेट चुकलं. नुकसान झालेल्या माणसांचं प्रमाण अगदी थोडं होतं आणि चूक दुरुस्तही झाली. पण त्या थोड्यांत ज्याच्या ओव्या असतील, त्याला प्रमाणाचं काय?

आता मशिनकडे. २०१८ च्या सुमाराला असेम्बल करून घेतलेलं, आठव्या पिढीचा आय-थ्री. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा चालतो, तेव्हा इथे आम्ही उंबरठ्यावर होतो पण आत होतो. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं तर उत्तर आलं, ‘चालणार नाही’. टीपीएम (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची चिप) नाही, सिक्युअर बूट (मशिन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) नाही. अशा वेळी पुष्कळ जण नवं मशिन घ्यायला निघतात. खरं तर त्या मदरबोर्डावर टीपीएमचं काम करणारी सोय होती, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशिनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद होती. इंटेलच्या बोर्डांवर तिला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम. आणि विंडोज जुन्या पद्धतीने, म्हणजे एमबीआर नावाच्या जुन्या मांडणीच्या डिस्कवर बसवलेलं होतं. सिक्युअर बूटला जीपीटी ही नवी मांडणी आणि यूईएफआय ही मशिन सुरू करण्याची नवी पद्धत लागते.

एमबीआरची जीपीटी करायचं छोटं साधन विंडोज १० मध्येच २०१७ पासून आहे आणि ते डेटा न पुसता काम करतं. पण त्याची एक अट आहे: डिस्कवर जास्तीत जास्त तीन मूळ विभाग हवेत आणि त्यात एक्स्टेंडेड विभाग (ज्याच्या पोटात आणखी विभाग पाडतात तो) नको. आपल्याकडे असेम्बल करणारे सी, डी, ई पाडून देतात, तेव्हा डी आणि ई हे बहुधा एक्स्टेंडेड विभागातच असतात. आत्याचंही तसंच होतं. तपासणीतच साधनाने नकार दिला. शिवाय हे रूपांतर एकतर्फी आहे, विंडोज तुम्हाला डेटा राखून परत एमबीआरवर नेऊन देत नाही.

तेव्हा मी ठरवलं की जुन्या डिस्कला हातच लावायचा नाही. ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, आणली आणि फक्त विंडोजचे विभाग, म्हणजे सी ड्राइव्ह आणि त्याच्या आगेमागे असलेला छोटा सिस्टिमचा विभाग, तिच्यावर जसेच्या तसे क्लोन केले. मग जुनी हार्डडिस्क केबल काढून बाहेर घेतली. आता मशिनमध्ये फक्त एसएसडी. ती लावून जुनंच विंडोज १० सुरू केलं, पेजमेकर उघडलं, प्रिंट काढली. सगळं ठीक. आता डिस्कवर एक्स्टेंडेड विभाग राहिला नव्हता, त्यामुळे रूपांतराच्या साधनाने तपासणीला होकार दिला. रूपांतर केलं. बायोसमध्ये जाऊन यूईएफआय केलं, पुन्हा विंडोज १० सुरू करून पाहिलं. मग पीटीटी चालू, सिक्युअर बूट चालू, पुन्हा सुरू करून पाहिलं. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर मशिन उठतंय ना हे पाहणं, हे कंटाळवाणं आहे, पण काही बिघडलं तर कशाने बिघडलं हे शोधत बसावं लागत नाही. लॅपटॉपवर हे करणाऱ्यांनी एक जास्तीची गोष्ट सांभाळावी: बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी ते स्थगित करावं आणि रिकव्हरी कीचे ४८ आकडे कागदावर उतरवून ठेवावेत. ते आकडे मागणाऱ्या निळ्या पडद्यासमोर नुसती बसून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

अपग्रेडला सुरुवात करण्याआधी यूपीएसची पिन भिंतीतून काढून पाहिली. बॅटरी किती तग धरते हे त्या वेळी बघून घेतलेलं बरं. पाऊस होता आणि लाइट जाऊन येऊन होती. बॅटरी मशिन बरा वेळ धरत होती, तरी पिन इन्व्हर्टरच्या बोर्डावर नेऊन लावली. प्रिंटर, पेनड्राइव्ह, डाँगल सगळं काढलं. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या आयएसओतलं (विंडोज बसवण्याच्या डिस्कची फाइल) सेटअप सुरू केलं आणि ‘वैयक्तिक फाइल्स आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय निवडता येतोय का ते पाहिलं. हा पर्याय फिका दिसला तर पुढे जाऊ नये. बहुतेक वेळा कारण साधं असतं: मूळ विंडोज अमेरिकी इंग्रजीचं आणि उतरवलेलं आयएसओ आंतरराष्ट्रीय इंग्रजीचं, किंवा विंडोजच्या होम आणि प्रो या प्रकारांची गल्लत. बरोबर आयएसओ घेतलं की तो पर्याय उजळतो. आणि ३२-बिट विंडोज १० असेल तर हा रस्ताच नाही, कारण विंडोज ११ ३२-बिटमध्ये निघालंच नाही.

मग टक्के वाढत गेले, मशिन मधूनमधून बंद होऊन उठत राहिलं. आत्याने दरम्यान स्वयंपाक उरकला. त्या भागाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते नंतरचं. अपग्रेडच्या आधी आम्ही काही निवडक पानांच्या प्रिंट काढून ठेवल्या होत्या: ओव्यांचं एक पान, अहवालातला एक तक्ता, दोन रंगांची एक पत्रिका. डाँगल लावला, नवा ड्रायव्हर टाकला, पेजमेकर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं (त्याशिवाय ते फाइल उघडताना कुरकुर करतं), आणि तीच पानं पुन्हा छापली. आत्याने जुनी नि नवी प्रिंट एकावर एक ठेवली, खिडकीच्या काचेवर दाबून धरली आणि उजेडात पाहायला लागली. तिची बोटं ओळीच्या शेवटावरून खाली खाली सरकत होती. शब्द सगळे दिसतात हे तिला पुरेसं नव्हतं. ओळ जिथे तुटत होती तिथेच तुटते का, हे ती बघत होती. फाँटाची रुंदी केसभर जरी बदलली तरी एक शब्द खालच्या ओळीत उतरतो, परिच्छेद एक ओळ वाढतो, पान सरकतं आणि दोनशे पानांच्या पुस्तकाची अनुक्रमणिका खोटी पडते. ‘बसतंय,’ ती म्हणाली आणि पुढचं पान घेतलं. तक्ता पाहिला, पत्रिका पाहिली. पडद्याकडे पाहून मला हे तपासता आलं नसतं.

वर्डच्या फाइलींसाठी दुसरी एक खूण पाहायची असते. मंगल हा फाँट विंडोज १० पासून पुरवणी फाँटांत टाकलाय, अपराजिता, कोकिळा, उत्साह यांच्यासोबत. सिस्टिममध्ये मराठी किंवा हिंदी भाषा नसेल तर तो बसवलेलाच नसतो आणि मंगलमध्ये लिहिलेलं निर्मला फाँटात दिसायला लागतं. मजकूर तोच, पण पानं कमी-जास्त होतात. सेटिंग्जमध्ये पर्यायी फीचर्समधून देवनागरीचे पुरवणी फाँट घ्यायचे, की झालं.

परतीचं दार दहा दिवस उघडं असतं. जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये तेवढे दिवस राहतं आणि सेटिंग्जमधून मागे जाता येतं. एका आज्ञेने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवताही येते, पण ती दहा दिवसांच्या आत वाढवायला हवी. जागा मोकळी करण्याच्या उत्साहात ते फोल्डर कुणी साफ केलं तर दार बंद. आम्ही मुदत वाढवली, तरी माझी भिस्त त्यावर नव्हती. केबल काढलेली जुनी डिस्क ही आमची खरी परतीची वाट होती: ती परत लावायची, बायोस पूर्वीसारखं करायचं, की पितृपक्षाआधीचं मशिन समोर हजर.

ज्यांची मशिनं सातव्या पिढीची किंवा त्याहून जुनी आहेत त्यांच्यासाठी अटी चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या सगळीकडे सांगितल्या जातात. पोटापाण्याच्या मशिनवर मी त्या करणार नाही. पुढची अपडेट मिळतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, ती घ्यावीत आणि त्या काळात पुढचं ठरवावं. ज्यांचं काम ब्राउझर, टंकलेखन आणि मेलपुरतं आहे त्यांच्यासाठी उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम उत्तम आहे, आणि ती बनवणाऱ्यांची एक पद्धत मला फार आवडते. एप्रिल २०२४ मध्ये त्यांची नवी दीर्घ सपोर्टवाली आवृत्ती आली, पण आधीच्या दीर्घ आवृत्तीवरच्या लोकांना अपग्रेडचं आमंत्रण पहिली दुरुस्त आवृत्ती ऑगस्टमध्ये आल्यानंतरच गेलं. विंडोजसुद्धा एखाद्या मशिनवर अडचण येणार हे माहीत असेल तर तिथे अपडेट रोखून धरतं. आपल्याला अजून आलं नाही म्हणून ओढून आणू नये.

ओव्यांचं रूपांतर झालंय, प्रुफं चालू आहेत. आत्या दुपारी दोन-चार पानं वाचते, गुरुजींनी तपासलेल्या कागदी प्रुफांशी ताडते आणि शंका आली की खूण करून ठेवते. काही शब्द तिलाही नवे आहेत. त्यासाठी ती गुरुजींच्या मुलीला फोन लावते आणि मग त्या दोघींचं बोलणं लांबतं. वाचून झालं की फाइलीची एक प्रत त्या मुलीकडे, एक गावच्या वाचनालयात, एक माझ्याकडे. लग्नसराई पुरती पार पडेपर्यंत जुनी डिस्क पुसायची नाही असं ठरलंय, आणि वहीतल्या यादीत ओव्यांच्या खाली अजून पुष्कळ नावं आहेत. पुढचं काम डॉक्टरांच्या आईच्या कवितांचं.